वाचकांचे प्रश्न : फौज, तुरुंग आणि कारखान्याचं गेट

प्रश्न : आमचे वडील आधी सैन्यात होते. नंतर कारागृह शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले. पुढे काही वर्षं साखर कारखान्यावर सुरक्षेचं काम केलं, आणि शेवटपर्यंत भजनी मंडळात पखवाज वाजवला. वर्षश्राद्धाला १६ पानांची स्मरणिका काढायची आहे. पण तुरुंगाविषयी ते घरी चकार शब्द काढत नसत. त्या वर्षांचं काय लिहावं? (मिरज)

उत्तर : आधी सनावळी पक्की करा, आठवणी मागाहून गोळा करा. उलट केलंत तर दोन भावांत ‘आबा नाशिकला आधी की कोल्हापूरला आधी’ यावरच महिना जाईल.

सैन्याची वर्षं डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्य सोडताना मिळालेल्या नोंदवहीत, मिळतात : भरती, पलटण, बढत्या, पदकं. पदकं हातात घेऊन कडेवर आणि मागच्या बाजूला पाहा, तिथे बहुधा सैनिक क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. ‘आबा बांगलादेशच्या लढाईत होते’ असं घरात सांगत आले असाल, तर छापण्याआधी १९७१च्या युद्धाचं ताऱ्याच्या आकाराचं पदक तपासा. पूर्वी स्टार पूर्व आघाडीचा, पश्चिमी स्टार पश्चिम आघाडीचा. पश्चिमी स्टार निघाला तर घरातली गोष्ट दुरुस्त करा, त्यात वडिलांचा मान तसूभरही कमी होत नाही.

तुरुंगाच्या नोकरीसाठी सेवापुस्तक, म्हणजे सरकारी नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, लागेल. त्याची दुय्यम प्रत पेन्शनच्या कागदांत सापडण्याचा संभव आहे. नसेल तर त्यांच्या शेवटच्या कारागृहाच्या अधीक्षकांकडे वारस म्हणून साधा अर्ज करा आणि सोबत मृत्यूचा दाखला व निवृत्तिवेतन आदेशाची प्रत जोडा. माहिती अधिकारात गेलात तर सेवापुस्तक ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारलं जाऊ शकतं, म्हणून तो मार्ग आधी धरू नका. सेवापुस्तकात ‘कार्यमुक्त’ आणि ‘रुजू’ या दोन तारखा शोधा, त्यांवरून बदल्यांची साखळी लागते. तेही हाती आलं नाही तर भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक चिठ्ठ्या काढा. त्यांवर त्या वर्षीच्या कार्यालयाचं नाव असतं. आणि तुम्हा भावंडांचे शाळा सोडल्याचे दाखले! बदलीच्या नोकरीत मुलांच्या शाळा वडिलांबरोबर फिरतात. दाखल्यावरची तारीख आणि गाव ही बदलीची घरात जपलेली नोंदच असते.

आता कामाविषयी. तुरुंगाच्या वसाहतीतले जुने शेजारी आणि निवृत्त सहकारी गाठा. ‘आबा कसे होते?’ असं विचारू नका, ‘देवमाणूस’ एवढंच उत्तर येईल. आबांची ड्यूटी कुठे असायची, फाटकावर, सर्कलमध्ये (बराकींच्या आवारात), तुरुंगातल्या कारखान्यात की कैद्यांच्या नातेवाइकांच्या मुलाखतींवर? किल्ल्या कोणाकडून कोणाकडे जायच्या? गिनती, म्हणजे कैद्यांची मोजणी, चुकली की काय व्हायचं? असे प्रश्न विचारले की माणसं बोलायला लागतात.

गिनतीवर एक पान द्या असं आम्ही आग्रहाने सांगू. संध्याकाळी बंदी (कैदी) बराकीत गेले की बराकवार मोजणी होते. सगळी बेरीज फाटकावरच्या हिशेबाशी जुळावी लागते : सकाळचे बंदी, अधिक नवे दाखल, वजा सुटलेले, वजा दवाखान्यात किंवा कोर्टात गेलेले. एकाचा फरक पडला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बऱ्याचदा चूक कागदावरच असते : दवाखान्यात हलवलेला माणूस बराकीतही धरलेला असतो. पण ती सापडेपर्यंत कोणी जागचं हलत नाही. लहानपणी वडिलांची वाट पाहत जेवण थंड झाल्याची एखादी रात्र तुम्हालाही आठवत असेल. ती रात्र इथे लिहा. ते बोलत नसले तरी त्यांची नोकरी तुमच्या घरात अशी येतच होती.

फाटकाचंही लिहा. तुरुंगाच्या मुख्य फाटकाला दोन दारं असतात, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची वेळेसह नोंद, अंगझडती, सही. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना कारखान्याच्या गेटवर हीच शिस्त कामी येते. म्हणून ‘फौजी आबा’, ‘तुरुंगातले आबा’, ‘कारखान्यावरचे आबा’ असे सुटे लेख करू नका. एक काम सोडून दुसरं का धरलं, तेव्हा घरात काय चाललं होतं, हे जोडून लिहा. पखवाजासाठी मंडळातल्या टाळकऱ्याकडूनच दहा ओळी घ्या.

प्रश्न : वडिलांच्या पहाऱ्यात एक गाजलेला कैदी होता. शिवाय सुटलेल्या एका कैद्याने त्यांना लिहिलेलं फार सुंदर पत्र घरात आहे. दोन्ही छापावं का? (सोलापूर)

उत्तर : कैद्याचं नाव नको. शिक्षा भोगून तो आज कुठेतरी संसार करत असेल, त्याची मुलं शाळेत जात असतील. कच्चा कैदी असेल तर तेव्हा त्याचा गुन्हा सिद्धही झालेला नव्हता. पत्राचा कागद तुमचा, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा. तो सापडला तर विचारा. नाही सापडला तर नाव-गाव-गुन्हा यांतलं काही न देता पत्राचा आशय दोन वाक्यांत सांगा.

तुरुंगाचा इतिहास तेवढाच घ्या जेवढा वडिलांना चिकटतो. येरवड्याला नोकरी केली म्हणून तिथल्या तुरुंगात झालेल्या २४ सप्टेंबर १९३२च्या पुणे कराराने पान भरू नका. पण ते आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला असतील तर जरूर लिहा. औंध संस्थानाने १९३९ साली काढलेल्या त्या खुल्या वसाहतीत बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. तिथलं काम भिंतीआडच्या पहाऱ्याहून अगदी वेगळं.

प्रश्न : सेवापुस्तकात निलंबनाची नोंद निघाली. वगळावी का? (अकोला)

उत्तर : वगळलीत तरी चालेल, ही चौकशी नव्हे, स्मरण आहे. लिहायची तर पूर्ण लिहा : आदेशाची तारीख, चौकशीचा निकाल, पुन्हा रुजू झाल्याची तारीख. बंदी पळाला की त्या पाळीतल्या लोकांवर आधी कारवाई होते आणि दोष कोणाचा ते मागाहून ठरतं. अर्धवट नोंद छापली तर वाचणारा नको तो अर्थ काढेल.

प्रश्न : जुने फोटो अल्बमला चिकटलेत. पदकं काळी पडलीत. काय करावं? (ठाणे)

उत्तर : फोटो ओढू नका. आधी पानासकट स्कॅन करा, पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय. मग दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. अडला तर थांबा. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. पदकांना पॉलिश लावू नका, कोरलेली अक्षरं झिजतात. सुती कापडाने पुसा आणि फितीसकट कोरड्या डबीत ठेवा.

छपाईचं एक : मधोमध पिना मारायच्या तर पानं ४च्या पटीतच हवीत. मजकूर युनिकोडमधून छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणून शेवटचं प्रूफ मोबाइलवर न पाहता कागदावर काढून घ्या. त्यात वडिलांचं नाव, हुद्दा आणि तारखा दोघांनी मोठ्याने वाचून ताडून पाहा.