आरबीबीबी म्हणजे हृदयात ब्लॉकेज आहे का?

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यात राहतो. सासरे ७१ वर्षांचे, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला. त्यावर ‘एनएसआर, आरबीबीबी, एलव्हीएच’ आणि केसपेपरवर ‘के/सी/ओ एचटीएन’ असं लिहिलंय. मुलाने मोबाइलवर ‘ब्लॉक’ शब्द वाचला आणि घरात अँजिओप्लास्टीची बोलणी सुरू झाली. सासरे म्हणतात, ‘‘माका काय एक झालेला नाय.’’ खरं काय?

उत्तर : ताई, मुलाला आधी मोबाइल बाजूला ठेवायला सांगा. घरात विजेचं वायरिंग वेगळं आणि पाण्याची पाइपलाइन वेगळी. अँजिओप्लास्टी होते ती पाइपलाइनची, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची. आरबीबीबी, म्हणजे राइट बंडल ब्रँच ब्लॉक, ही वायरिंगमधली गोष्ट. उजव्या कप्प्याकडे जाणाऱ्या फांदीतून विद्युतलहर नीट जात नाही, त्यामुळे तो कप्पा डाव्यापेक्षा किंचित उशिरा आकुंचन पावतो. असे ईसीजी माझ्या टेबलावर नेहमी येतात आणि त्यातले कितीतरी लोक कलमांवर चढून आंबे उतरवत असतात. त्रास काही नसेल तर त्यावर सहसा औषधही लागत नाही. जुना ईसीजी घरात असेल तर शोधा. त्यातही हेच असेल तर डॉक्टर निम्मे निर्धास्त होतात. डाव्या फांदीचा, म्हणजे एलबीबीबी असता, तर मी जास्त खोलात गेले असते.

एनएसआर म्हणजे नॉर्मल सायनस रिदम, ठोके जिथून सुरू व्हायचे तिथूनच होताहेत. के/सी/ओ एचटीएन म्हणजे रक्तदाबाचे जुने, माहीत असलेले रुग्ण.

माझं लक्ष गेलं ते एलव्हीएचकडे, ज्याची घरात कुणी चर्चाच केली नाही. म्हणजे डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याची शंका. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की असं होतं. ईसीजीवर ते लाटांच्या उंचीवरून ठरवतात आणि काटक अंगाच्या माणसात लाटा एरवीही उंच येतात, म्हणून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून खात्री करावी. सासऱ्यांची गोळी खरोखर रोज पोटात जाते का, तेही बघा. गणपतीच्या धावपळीत पाकीट संपलं की महिनाभर आणलं जात नाही, हे मी पाहत आलेय.

कागद स्वतः बघायचा असेल तर दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजा आणि ३०० ला त्या आकड्याने भागा. चार चौकोन असतील तर मिनिटाला ७५ ठोके. लय नियमित असेल आणि कागद नेहमीच्या, सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने चालला असेल तरच हे जमतं. यापुढचं वाचन डॉक्टरांवर सोडा.

आणि तो कागद कृपा करून लॅमिनेट करू नका! उष्णतेने उमटणारा कागद असतो तो, लॅमिनेशनच्या मशीनमधून काळाठिक्कर होऊन बाहेर येतो. आपल्याकडे पावसाळ्यात नुसता ठेवला तरी पुसट होतो. झेरॉक्स काढा, वर तारीख घाला.

ऑपरेशननंतर चिठ्ठी मिळेल तेव्हा एक सांभाळा. गोळीपुढे ‘ओडी’ लिहिलं असेल तर दिवसातून एकदा. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर तेच ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा. बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. शंका आली तर मेडिकलवाल्याला न लाजता विचारा.

प्रश्न : छातीत दुखलं म्हणून गेलो. ईसीजी ‘नॉर्मल’ छापून आला, तरी डॉक्टरांनी थांबवून घेतलं. पैसे काढायला?

उत्तर : नाही. ईसीजी ही त्या काही सेकंदांची नोंद असते, आणि हार्ट अटॅकच्या सुरुवातीला ती चक्क नॉर्मल येऊ शकते. म्हणून थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासतात. मशीनने वर छापलेला निष्कर्षही चुकू शकतो. हातांच्या तारा अदलाबदल झाल्या तरी पट्टी भलतंच दाखवते. पुढच्या वेळी असं दुखून घाम फुटला, दम लागला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ओवा-सोडा घेऊन पित्त उतरायची वाट पाहू नका. थेट १०८ ला फोन करा. दुचाकीवर मागे बसून घाट उतरू नका.