अंतरपाट खाली आला आणि फोटोत मामाची पाठ

प्रश्न: दादा, माझं लग्न साताऱ्याजवळच्या एका कार्यालयात आहे, मुहूर्त दुपारी 12:37 चा. ताईच्या लग्नात अंतरपाट खाली आला त्या क्षणाच्या फोटोत मामाची पाठ आणि चार मोबाईल, एवढंच आलंय, ती अजून चिडते. आमचं बजेट एकाच फोटोग्राफरचं आहे. काय करू? (एक नवरी)

उत्तर: अगं, हे इतक्या घरांत झालंय की काय सांगू. आपल्या लग्नात खरा फोटो दोन-तीन सेकंदांचाच असतो आणि नेमका तेव्हाच सगळा गाव स्टेजवर चढतो. त्यामुळे फोटोग्राफर कितीचा आहे याच्या आधी त्याला उभं राहायला जागा आहे का ते बघ. अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला, म्हणजे तुम्हा दोघांचे चेहरे समोरासमोर दिसतील अशी एक जागा ठरवा आणि एखाद्या दांडग्या चुलत भावाला तिथे उभं करा, त्याचं काम एकच, कुणाला मधे येऊ द्यायचं नाही, व्हिडिओवाल्यालासुद्धा. मामांना आदल्या दिवशीच प्रेमाने सांग की अंतरपाट धरणाऱ्यांनी तो खाली घेतला की एक पाऊल मागे सरकायचं. आणि फोटोग्राफर आपल्याकडचा नसेल तर त्याला सांगून ठेव, गुरुजींनी 'तदेव लग्नं' सुरू केलं की बोट बटणावर, कारण ते शेवटचं असतं आणि मग लगेच अक्षता उडतात. अक्षता हवेत गोठलेल्या हव्या असतील आणि फ्लॅश नसेल तर शटरचा वेग निदान 1/500 सेकंद ठेव म्हणावं, नाहीतर नुसत्या पांढऱ्या रेघा येतात.

दुसरं म्हणजे लाइट. डेकोरेशनवाले हल्ली जांभळे-गुलाबी एलईडी लावतात, डोळ्याला बरं दिसतं पण फोटोत नवरीचा चेहरा वांग्यासारखा येतो आणि तो रंग एडिटिंगमधे नीट निघत नाही बरं का. मुहूर्ताची पंधरा मिनिटं रंगीत लाइट बंद, साधे पांढरे चालू, एवढं आधीच बोलून ठेव. लाल कापडाचा मंडप असेल तर त्याचीही लाली पिवळ्या साडीवर उतरते.

मुंडावळ्यांची दोरी डोळ्यांसमोर झुलत राहते, थोडी कडेला बांधायला सांग. नथ दाबाची असेल तर आधी घरी तासभर घालून बघ, नाहीतर प्रत्येक फोटोत हात नाकाला.

आणि दोघांचे निवांत फोटो? मुहूर्तानंतर आहेराची रांग लागली की संपलंच, दोन तासांनी तुम्ही हसण्याच्या लायकीचे राहत नाही. म्हणून रांग सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं चोरा, कार्यालयाच्या व्हरांड्यात किंवा मोठ्या दाराशी, जिथे ऊन थेट पडत नाही पण उजेड येतो. दुपारच्या उन्हात मात्र उभे राहू नका, डोळ्यांखाली काळं येतं. मेकअप हमखास उशिरा होतो तेव्हा त्यालाच जास्त वेळ ठेव.

प्रश्न: फोटोग्राफर म्हणतो फोटो माझे, मी इन्स्टावर टाकणारच. हक्क कुणाचा? (एक नवरदेव, पुणे)

उत्तर: भाऊ, 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 17 बघा, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देऊन काढायला सांगणारा, म्हणजे तुम्ही, पण वेगळा करार नसेल तर. म्हणजे बुकिंगच्या कागदावर त्याने काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाचा, बहुतेकजण कॅटरिंगच्या गडबडीत वाचतच नाहीत. नको असेल तर तिथेच लिहून घ्या की आमच्या परवानगीशिवाय कुठे टाकायचे नाहीत. ओरिजिनल फाइल मिळणार का, किती दिवसांत, हेही त्याच कागदावर. फाइल मिळाल्या की दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, एक तुमच्याकडे आणि एक सासरवाडीला.