कुंपणापलीकडचं वावर आणि एका वर्षाची मुदत

प्रश्न : आमचं गाव पुलगाव आणि वर्धेच्या मधात आहे. गावठाण रेल्वे लाइनच्या उत्तरेला, वावर दक्षिणेला, साडेचार एकर. आजोबांच्या काळापासून आम्ही बैल घेऊन एकाच जागेवरून पटरी ओलांडत आलो, बंडी वावरातच ठेवायचो. गेल्या पोळ्याला रेल्वेने दोन्ही बाजूंनी कुंपण घातलं. जवळचा अंडरपास दीड किलोमीटरवर आहे, तिथे पावसाळ्यात कमरेइतकं पाणी असते. मुलगा कुंपणाच्या फटीतून गेला तर त्याला पकडलं, त्याने कोर्टात पाचशे रुपये दंड भरला. आमदार-खासदारांना निवेदनं देऊन झाली. ओळखीचे एक जण म्हणतात, पोळ्यापर्यंत वर्ष पुरं होत नाही, पेरण्या आटोपू द्या, मग केस टाकू. काय करावं?

उत्तर : भाऊ, यंदाचा पोळा कधी आहे ते कॅलेंडरात पाहिलंत का?

गेल्या वर्षीचा पोळा २२ ऑगस्ट २०२५ ला होता. यंदा ज्येष्ठ अधिक आला, त्यामुळे श्रावणी अमावस्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. तिथीने मोजलं तर तुमचं वर्ष पोळ्याला भरतं. कोर्ट तारखेने मोजतं आणि तारखेने ते जवळजवळ तीन आठवडे आधीच संपतं. तुमचे ओळखीचे गृहस्थ कोण ते मला माहीत नाही, पण त्यांच्या सल्ल्याने चाललात तर हातात जो एक मुद्दा उरलाय तोही जाईल.

तो मुद्दा असा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे वहिवाटीने रस्त्याचा हक्क मिळतो. जमीन खासगी असेल तर वीस वर्षांची वहिवाट लागते, सरकारची असेल तर तीस वर्षांची. रेल्वेची जमीन सरकारचीच, म्हणून तुम्हाला तीस दाखवावी लागतील. हे बहुतेकांना माहीत असतं आणि सगळे म्हाताऱ्या साक्षीदारांच्या मागे लागतात. त्याच कलमाचं स्पष्टीकरण मात्र कुणी वाचत नाही. वहिवाटीत कुणी अडथळा आणला आणि तो तुम्ही, अडथळा कळल्यापासून, एक वर्ष निमूट मान्य केला, तर वहिवाट खंडित झाली असं धरलं जातं. मग आधीची साठ वर्षं असोत की शंभर, हक्काच्या हिशेबात ती धरली जात नाहीत.

वर्षाच्या आत दावाच दाखल झाला पाहिजे असं हे कलम म्हणत नाही. अडथळा तुम्ही मान्य केला नाही एवढं दाखवता आलं पाहिजे, आणि दाखवायचं म्हणजे कागदावर. दाव्यासाठी त्याच कलमात वेगळी अट आहे, तीस वर्षांची वहिवाट दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेली असावी. म्हणजे लेखी हरकत वर्षाच्या आत आणि दावा दोन वर्षांच्या आत. आणि २२ ऑगस्ट ही तारीखसुद्धा मी तुमच्याच सांगण्यावरून धरतोय. पोळ्याला कुंपण पुरं झालं असेल, पण पहिला खांब कधी रोवला? रेल्वेचा वकील ठेकेदाराची मोजमाप पुस्तिका काढेल आणि जुलैतली नोंद दाखवेल. हे लिहितोय तेव्हा जून अर्धा संपलाय. या आठवड्यात नोटीस गेली पाहिजे, पेरणी असली तरी.

तुम्ही म्हणाल, निवेदनं दिलीत की. सोबत पाठवलेल्या निवेदनाची प्रत वाचली आणि कपाळावर हात मारला. त्यात लिहिलंय, ‘आजवर रेल्वे प्रशासनाने माणुसकीच्या नात्याने आम्हा शेतकऱ्यांना जाऊ दिले, तरी कृपा करून यापुढेही परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.’ कलम १५ ला वहिवाट हक्काने केलेली लागते. मेहेरबानीने, परवानगीने केलेली वहिवाट तीनशे वर्षांची असली तरी हक्क देत नाही. हा कागद रेल्वेकडे असेल तर त्यांना वेगळा पुरावा शोधायची गरजच नाही. सगळ्या गावांची निवेदनं अशीच लिहिली जातात, सेतू केंद्रावरचा पोरगा जुना मसुदा काढतो आणि नाव बदलतो. खासदारांना निवेदन देतानाचा फोटो पेपरात आला म्हणून तुम्ही इतके महिने निश्चिंत राहिलात. त्या निवेदनाची रेल्वेकडची पोच आहे का? तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणजे नसावी. नसेल तर एका अर्थाने बरंच.

आता नोटिशीबद्दल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे सरकारवर दावा करण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि रेल्वेच्या बाबतीत ती त्या रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना द्यायची असते. स्टेशन मास्तर, सेक्शन इंजिनिअर, नागपूरचे विभागीय व्यवस्थापक यांना प्रती जरूर पाठवा, पण मूळ नोटीस मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना, मुंबईला. (भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांनी हे तसंच उतरवून घेऊ नये. तिकडची लाइन दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची आहे, महाव्यवस्थापक बिलासपूरला बसतात.) नोटिशीत नाव, पत्ता, दाव्याचं कारण आणि तुम्ही काय मागता हे स्पष्ट पाहिजे. पहिल्याच परिच्छेदात, ही वाट आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ हक्काने, उघडपणे वापरत होतो आणि कुंपणाचा अडथळा आम्हाला मान्य नाही, हे वाक्य घाला. ‘विनंती’ कुठेही नको. हीच नोटीस तुमची लेखी हरकतही होईल, एका कागदात दोन्ही कामं. दोन महिन्यांच्या मुदतीची सूट पुढे दाव्याच्या हिशेबात मिळेल असं धरून मात्र चालू नका. फारच घाई झाली तर कलम ८०(२) खाली कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीविना दावा करता येतो, पण तातडी दाखवावी लागते. इतके महिने गप्प बसलेल्या माणसाची तातडी न्यायाधीशाला पटवणं अवघड.

मुलाच्या दंडाचं. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा कबूल करणं म्हणजे ‘मी कायदेशीर अधिकाराशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलो’ असं कोर्टात सांगणं. पाचशे रुपयांत सुटका झाली, दिवस वाचला, सगळे तेच करतात. तुमच्या दिवाणी दाव्यात हा कागद पुढे येणार हे निश्चित. सातबारा तुमच्या नावावर आहे, मुलाच्या नाही, म्हणून त्याची कबुली तुम्हाला बांधील नाही असं आपण म्हणू. ते कितपत चालेल हे न्यायाधीशावर आहे. पण यापुढे घरातलं कुणीही त्या फटीतून जायचं नाही, आणि फट मोठी करायला कुणी पहार घेऊन गेलं तर त्यात तुमचं नाव येऊ देऊ नका. रेल्वेच्या मालमत्तेची मोडतोड हा वेगळा आणि जड गुन्हा आहे. गुन्ह्याची भीती एक, गाडीची दुसरी. त्या लाइनवरून गाड्या कोणत्या वेगाने जातात हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं पाहता, आणि बैल रुळावर अडला तर ड्रायव्हरच्या हातात काही नसतं.

म्हणूनच आता कटू भाग. कुंपण तोडून तुमची जुनी वाट मोकळी करा असा हुकूम कोर्ट देईल, अशी आशा मी ठेवत नाही. रेल्वे म्हणेल, फाटकाशिवाय पटरी ओलांडणं हाच गुन्हा आहे, गुन्ह्याची वहिवाट कशी होईल? या युक्तिवादात दम आहे. कुंपण घालण्याची तरतूदही रेल्वे कायद्यातच, कलम १८ मध्ये आहे. कुंपण चुकीचं होतं असं मला स्वतःला वाटत नाही. आधी पर्यायी वाट न देता घातलं, हे चुकीचं. मग वहिवाटीचा हक्क जिवंत ठेवायचा कशाला? कारण तो नसेल तर रेल्वेला तुम्हाला उत्तर देण्याची गरजच राहत नाही. त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे लाइनमुळे ज्यांची जमीन तुटली त्यांच्यासाठी रस्ता, मोरी, पूल करून देणं आणि तो राखणं हे रेल्वेचं काम आहे. पण लाइन वाहतुकीला खुली झाल्यापासून दहा वर्षांनंतर नवीन काही करून द्यायला रेल्वे बांधील नाही, असं तेच कलम पुढे सांगतं. भुसावळ ते नागपूर लाइन सुरू झाली १८६७ ला. तुमची मुदत १८७७ ला संपली, पणजोबांनीच काय ते मागायला हवं होतं. कलम १७ खाली केव्हाही मागता येतं, पण खर्च मागणाऱ्याचा आणि रेल्वेची संमती पाहिजे. साडेचार एकरवाल्याने रुळाखालून बोगदा स्वखर्चाने करायचा, हे कलम लिहिणाऱ्याच्याच डोक्यात येऊ शकतं. ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद सार्वजनिक रस्त्यासाठी या कलमाखाली मागणी करू शकते, तिकडे निवेदनं वळवा. नोटिशीत म्हणून मागणी दोन पायऱ्यांची ठेवा. आधी जुनी वाट, आणि ती देता येत नसेल तर रेल्वेच्या हद्दीतून कुंपणाबाहेरच्या कडेने अंडरपासपर्यंत बंडी जाईल एवढा रस्ता, आणि अंडरपासमधलं पाणी काढण्याची कायमची सोय. खरं मिळण्यासारखं हे दुसरंच आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत आणि ती महत्त्वाची ठरू शकते. ती जागा कधी नोंदलेलं फाटक होती का? ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची सगळी फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली, त्यांच्यात तुमचं असेल तर प्रकरण वेगळ्या वळणाचं होईल. कारण असलेली सोय राखण्याची जबाबदारी आणि नवी सोय करण्याची जबाबदारी या दोन बाबी आहेत. माहिती अधिकारात त्या भागाचा रेल्वेचा लँड प्लॅन, बंद केलेल्या फाटकांची यादी आणि कुंपणाच्या कामाच्या तारखा मागा. तहसीलमधून गावचा वाजिब-उल-अर्ज (गावच्या वाटा-वहिवाटींची जुनी नोंद) आणि भूमिअभिलेखातून बंदोबस्ताचा, म्हणजे जुन्या जमीनमोजणीचा, नकाशा काढा, त्यात वाटेची रेघ असेल तर पाच साक्षीदारांचं काम ती एकटी करते. नसेल तर म्हातारी माणसं आहेतच.

दरम्यान या हंगामाचं काय? अंडरपासच्या पलीकडून तुमच्या वावरापर्यंत धुऱ्याधुऱ्याने जाता येत असेल आणि मधले वावरवाले अडवत असतील, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. रेल्वेच्या हद्दीत तहसीलदाराचा हुकूम चालेल असं समजू नका, तो फक्त शेजाऱ्यांच्या धुऱ्यापुरता. निकाल विरुद्ध गेला तर दिवाणी दाव्याला एक वर्ष असतं. तहसीलदार स्थळपाहणीला कधी येतील याबद्दल मी काही आश्वासन देत नाही. मागच्या खरिपातले अर्ज अजून पडलेले मी पाहतो.

आणि पुढचं. वर्धा ते भुसावळ तिसऱ्या-चौथ्या लाइनला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे, ३१४ किलोमीटर. तुमच्या वावराची पट्टी त्यात जाते की नाही हे मोजणीनंतर कळेल. गेली, आणि संपादन रेल्वे कायद्याखाली झालं, तर अधिसूचनेनंतर हरकतीला तीस दिवस मिळतात. उरलेली जमीन तुटल्याचं नुकसान आणि वाटेची मागणी दोन्ही त्या वेळी लेखी घाला. वाट नको म्हणून मोबदला घेतला असं निवाड्यात कुठे लिहिलं असेल तर सही करू नका, कारण नव्या लाइनसाठीचा कलम १६ चा दरवाजा तिथेच बंद होतो. अधिसूचना पेपरात येते, आणि गावात पेपर कोण वाचतं ते आपल्याला ठाऊक आहे. पटवाऱ्याला सांगून ठेवा, आणि दर पंधरा दिवसांनी उपविभागीय कार्यालयाच्या फलकाकडे स्वतः एक चक्कर मारा.