पाळी बदलते तेव्हा लिहायचे कधी

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत तुझी पाळी दर आठवड्याला बदलते, कंपनीची बस कधी पहाटे पाचला तर कधी रात्री नऊला नाक्यावर येते, आणि अशा धावपळीत लिहिण्याची ठरावीक वेळ साधायची कशी, असे तू विचारले आहेस. सोबत तू आखलेले वेळापत्रकही मिळाले. त्यात पहाटे चार ते सहा असे दोन तास तांबड्या शाईने अधोरेखित केलेले आहेत. ते वेळापत्रक तूर्त बाजूला ठेव, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाच्या मापाने बेतलेले आहे, आणि त्या मापाचा सदरा मीही एकदा शिवून घेतला होता.

मी तेव्हा पणजीला नोकरीत होतो आणि चोडणहून फेरीबोटीने रायबंदरला उतरून पुढे बसने कचेरी गाठत असे. थोर लेखक म्हणे ब्राह्ममुहूर्तावर उठून लिहितात, हे मनावर घेऊन मी सलग दीड महिना पहाटे चारला उठलो. त्या काळात माझ्या हातून एकंदर सहा पाने झाली आणि त्यांतली चार फाडण्याच्या लायकीची होती. दुपारी टेबलावर डुलक्या घेताना साहेबांनी पाहिले आणि सर्वांसमक्ष बोल लावला, तोही रास्तच होता. मात्र खरी शरमेची गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी उमगली. माझ्या त्या साधनेसाठी चहाचे आधण ठेवायला तुझी काकू माझ्याही आधी उठत होती, आणि मी त्याचा हिशेब कधी धरलाच नव्हता.

पहाटेच्या लेखनाचे सर्वांत गाजलेले उदाहरण अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचे आहे. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून तो रोज सकाळी साडेपाचला टेबलाशी बसे आणि समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत असे. ही शिस्त सगळे सांगतात. पण त्याला हाक मारून उठवण्यासाठी एक जुना नोकर होता आणि त्या कामासाठी त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळत, हेही ट्रोलपने स्वतःच आत्मचरित्रात नोंदवले आहे, आणि ते मात्र कुणी सांगत नाही. तुझ्या घरी पहाटे उठवणारे कोणी नाही. उलट तू उठलीस की आजीचा चहा आणि धाकट्याचा डबा तुझ्याकडेच येणार, हे तूच लिहिले आहेस. तेव्हा लेखकांच्या दिनचर्या जरूर वाच, पण वाचताना प्रत्येक वेळी त्यांच्या घरचा स्वयंपाक कोण करत होते, हेही विचारत जा.

माझे लिहिणे खऱ्या अर्थाने सुरू झाले ते रायबंदरच्या धक्क्यावर. संध्याकाळी मी तिथे पोचावे आणि बोट नुकतीच सुटलेली असावी, हे जवळजवळ ठरलेलेच होते. ती पलीकडे जाऊन, माणसे आणि स्कूटर उतरवून, नवी भरून परत येईपर्यंत मला पंधरा-वीस मिनिटे मिळत. पहिली काही वर्षे ती मी कुरकुर करण्यात घालवली. मग एके दिवशी, कोणताही संकल्प न करता, बँकेने दिलेली खिशातली डायरी काढली आणि समोर जाळे विणत बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातांविषयी चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी तिथे पोचल्यावर हात आपोआप खिशाकडे गेला. बोटीचे लोखंडी तोंड धक्क्याला घासल्याचा आवाज आला, की वाक्य असेल तिथे सोडून उठायचे. आरंभी त्या अर्धवट वाक्यांचा फार राग येई, पण पुढे ध्यानात आले की उद्याच्या लेखनाची सुरुवात तीच करून देत होती. रात्रभर ते वाक्य डोक्यात कुठेतरी वळवळत राही आणि संध्याकाळी कोऱ्या कागदाची भीती म्हणून उरत नसे. माझी पहिली छापली गेलेली कथा अशी चौदा महिन्यांत, बहुतांशी उभ्यानेच, लिहून झाली.

यातून मला जे कळले ते तुझ्या उपयोगाचे आहे. सवय घड्याळाच्या काट्यापेक्षा रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधलेली बरी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. न्याहारीनंतर किंवा जेवणाआधी अशा एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून नवी सवय लावायची, असा तो प्रयोग होता. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवयीचे फारसे नुकसान होत नाही, हेही त्यात आढळले. ते प्रयोग फळे खाण्याचे, पाणी पिण्याचे होते, लिहिण्याचे नव्हते. लिहिणे त्याहून अवघड, हे मी मान्य करतो. तरीही, एक दिवस चुकला की सगळे मुसळ केरात, असे मानून महिनाभर वही बंद ठेवण्याची जी तुझी खोड आहे, तिला त्यातून थोडे उत्तर मिळावे.

आता तुझी ठरलेली गोष्ट कोणती? ती तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे, तू मात्र ती सहज म्हणून लिहून गेलीस. पाळी कोणतीही असो, घरी आल्यावर तू कंपनीचे कपडे बादलीत भिजत घालतेस आणि ते भिजेपर्यंत वीसेक मिनिटे पडवीत नुसती बसून राहतेस, कारण त्या वेळी तुला कुणी हाक मारत नाही. बाय, ही तुझी फेरीबोट आहे. वही पडवीतच ठेव, तुझ्या खोलीत नको, कारण आणायला म्हणून आत गेलीस की स्वयंपाकघर वाटेतच लागते.

त्या वीस मिनिटांतली पहिली पाच मात्र लिहिण्यात घालवू नकोस. हे तुला विचित्र वाटेल, पण आपला गोव्यातला प्रश्न थोडा वेगळा आहे. घरात आपण कोंकणी बोलतो, कंपनीत तुझे आठ तास हिंदीत आणि इंग्रजीत जातात, आणि लिहायला बसतेस ती मराठीत. बसल्या बसल्या सुचत नाही याला तू प्रतिभेचा अभाव म्हणतेस. मला तो भाषेच्या उंबरठ्यावर लागणारा वेळ वाटतो. मी अजूनही लिहिण्यापूर्वी चांगल्या मराठी गद्याचे एक पान मोठ्याने वाचतो. शेजारच्यांना त्याची सवय झाली आहे. वाचता वाचता जिभेला वाक्याचे वळण सापडते, क्रियापदे जागेवर येऊ लागतात, आणि मग पेन उचलले तरी चालते. आजीच्या तोंडची कोंकणी मात्र कथेत आली तर तशीच येऊ दे. तिचे मराठीकरण करायला गेलीस, तर आजी हरवेल.

दिनचर्येइतकाच वर्षचर्येचाही विचार कर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर एवढा पाऊस कोसळतो की घराबाहेरची कामे आपोआपच आटपतात. लांब पल्ल्याचे लेखन मी नेहमी त्याच महिन्यांत केले. त्या दिवसांत वीज जाते आणि दमट कागदावर शाई पसरते, म्हणून पावसाळ्यात मी पेन्सिल वापरतो आणि वह्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. चवथीच्या दिवसांत लिहिण्याचा आग्रह अजिबात धरू नकोस. गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामान, पाहुणे, नेवऱ्या, आरत्या यांत वही शोधत बसलीस, तर लिहिणेही होणार नाही आणि चवथही होणार नाही. रात्री झोपताना दिवसभरात कानावर पडलेले एखादे वाक्य टिपून ठेव, तेवढे पुरे. पुढे जत्रा आणि लग्ने सुरू झाली की रात्री आपल्या राहत नाहीत. तो काळ पावसात लिहिलेले तपासण्याला, खोडण्याला चांगला, कारण ते काम तुकड्यातुकड्यांनी होते.

किती लिहावे, याचे उत्तर मी देणार नाही. पाच ओळी झाल्या तर पाच.

पुढच्या सोमवारपासून तुझी रात्रपाळी आहे. सकाळी घरी येशील तेव्हा डोळे मिटत असतील आणि पडवीत उन्हे आलेली असतील. त्या आठवड्यात फक्त मोठ्याने वाच, लिहिले नाहीस तरी चालेल, पण वही मांडीवर असू दे. पाळी बदलली की मला कळव. कथा पाठवू नकोस. तोवर वहीवर कपड्यांच्या साबणाचे डाग किती पडले, तेवढे लिही.

काकूचे आशीर्वाद. तिने हे पत्र वाचले असून चहाचा मजकूर तसाच राहू द्यावा, असे बजावले आहे.

तुझा,
काका