लोक श्रमदानाला एकदाच येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. बागकामाचे वर्ग भरवल्याने काही फरक पडेल का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. सार्वजनिक जागांच्या सुशोभीकरणासाठी बोलावलेल्या श्रमदानाला पहिल्या दिवशी गर्दी होते आणि नंतर कोणी येत नाही, त्यावर उपाय काय, ही पहिली. आणि शाश्वत बागकामाचे विनामूल्य वर्ग सुरू केले तर हा प्रश्न सुटेल का, ही दुसरी. दुसरीचे उत्तर आधी देतो, कारण ते माझ्या जिव्हारी लागलेले आहे. वर्ग सभागृहात भरणार असेल तर प्रश्न सुटणार नाही. असा वर्ग मी स्वतः दोन वर्षे सभागृहात घेतला आणि त्याचे फळ एका सकाळी खुरप्याने उकरून पाहिले.

तीन रस्ते मिळतात तेथील एक त्रिकोणी पडीक जागा आमच्या पाच जणांच्या समितीकडे देखभालीसाठी आली होती. समितीत एक ज्येष्ठ सहकारी होते, ज्यांच्या उत्साहाबद्दल मला आजही आदर आहे आणि ज्यांच्या घाईबद्दल मला आजही राग आहे. त्यांना तीन आठवड्यांत हिरवळ, हंगामी फुलांचे वाफे आणि मधोमध झाडे हवी होती, कारण उद्घाटनाची तारीख त्यांनी आधीच ठरवून टाकली होती. मी तेथे टिकाव मारून पाहिला, तर वीतभर खोलीवर विटांचे तुकडे आणि जुन्या बांधकामाचा राडारोडा लागला. फूटभर खोल खड्डा खणून तो एकदा पाण्याने भरला, जिरू दिला आणि पुन्हा भरला. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच उभे होते. पाणी तासाला निदान दोन-अडीच सेंटिमीटर तरी उतरायला हवे, नाहीतर मुळे कुजतात, एवढे बागकाम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. म्हणून मी समितीपुढे प्रस्ताव ठेवला की पहिले तीन महिने एकही रोप लावू नये, राडारोडा उपसावा, परिसरातला पालापाचोळा गोळा करून तेथेच कंपोस्टचे ढीग घालावेत आणि माती तयार झाल्यावर लागवडीचा दिवस ठरवावा.

"अहो, तीन महिने लोकांना दाखवायचे काय? खत?" असे त्यांनी विचारले. मी "होय" म्हणालो आणि सगळे हसले. प्रस्ताव चार विरुद्ध एक मतांनी फेटाळला गेला.

लागवडीच्या दिवशी एकशे साठ माणसे आली. आदल्या दिवशीच मजुरांकडून गुडघाभर खोलीचे खड्डे सरसकट खणून ठेवले होते. दोनशे चाळीस रोपे दीड तासात मातीत गेली, छायाचित्रे निघाली आणि मीही त्या छायाचित्रांत हसतो आहे. त्यानंतरच्या रविवारी बावीस जण आले, त्याच्या पुढच्या रविवारी नऊ, आणि महिनाभराने पाण्याचे कॅन घेऊन आम्ही दोघेच उभे होतो: मी आणि तेच ज्येष्ठ सहकारी, एकमेकांशी न बोलता.

चार महिन्यांनी बहुतेक रोपे वाळली. कारण शोधावे म्हणून मी एका सकाळी त्यातली तीस रोपे उपटून काढली. त्यांपैकी अकरा रोपांची मुळे रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीतच होती. पिशवी न फाडता ती जशीच्या तशी खड्ड्यात ठेवून वर माती लोटलेली होती, आणि आत मुळे दोऱ्याच्या गुंडीसारखी स्वतःभोवतीच गुंडाळत गेली होती. उरलेल्यांतली कित्येक रोपे खड्ड्याच्या खोलीप्रमाणे खाली गेल्यामुळे बुंध्यापर्यंत मातीत गाडली गेली होती, आणि मातीत दबलेली बुंध्याची साल कुजलेली होती.

त्या अकरा पिशव्या मी समितीच्या बैठकीत टेबलावर मांडल्या. घाईचा पुरावा म्हणून मी त्या नेल्या होत्या, हे कबूल करतो. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या शांतपणे पाहिल्या, हजेरीची वही मागवली आणि लागवडीला आलेल्यांपैकी चाळीस नावांवर बोट ठेवून म्हणाले, "हे तर तुमच्या वर्गातले लोक. आदल्याच रविवारी तुमचा वर्ग झाला होता ना? त्यात काय शिकवलेत?"

त्या वर्गात मी कंपोस्टच्या ढिगातले कर्ब (कार्बन) आणि नत्राचे (नायट्रोजन) तीसास एक हे प्रमाण शिकवले होते. ढिगाचे तापमान पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस टिकले तर तणांचे बी आणि रोगजंतू मरतात, हे आलेख काढून समजावले होते, आणि सुका पालापाचोळा व ओला कचरा यांच्या मिश्रणाची दोन उदाहरणे फळ्यावर सोडवली होती. पिशवी काढून रोप लावावे, हे वाक्य मी उच्चारलेच नव्हते. मी बैठकीत उत्तर दिले की एवढे तर कोणालाही कळायला हवे. दोन वर्षे लोकांसमोर उभा राहून शिकवणाऱ्याने देऊ नये असे ते उत्तर होते. मात्र पिशवीतून नीट काढून योग्य खोलीवर लावलेली रोपेही तेथे मेली होती, आणि ती त्या साचलेल्या पाण्याने मेली होती. हा मुद्दा मी त्याच बैठकीत मांडला, पण तो इतिवृत्तात आला नाही. म्हणून येथे लिहून ठेवतो.

तेव्हापासून माझे मत पक्के आहे. ज्या जागेवर काम करायचे आहे, वर्ग त्याच जागेवर, उघड्यावर आणि हातात अवजार घेऊनच व्हावा, आणि वर्ग संपताना त्या जागेचे काहीतरी काम झालेले असावे. माती ओळखायला शिकवायची असेल तर तेथलीच मूठभर माती काचेच्या बरणीत पाण्यासह घुसळून ठेवावी. वाळू एक-दोन मिनिटांत तळाशी बसते, पोयटा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा जाड कण, काही तासांत बसतो आणि चिकणमातीला एक-दोन दिवस किंवा अधिकही लागतात, त्यामुळे पुढच्या वर्गाला थरांची जाडी प्रत्येकाला पट्टीने मोजता येते. लागवड शिकवताना प्रत्येकाकडून एक पिशवी फाडून घ्यावी, गोल फिरलेल्या मुळांच्या गोळ्याला तीन-चार ठिकाणी उभे छेद द्यायला लावावेत, आणि खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद पण त्याच्या उंचीइतकाच खोल का असावा, हे तो खणायला लावून पटवावे. आच्छादनाच्या बाबतीतही हेच करावे. पाच ते दहा सेंटिमीटर जाडीचा पालापाचोळ्याचा थर माती ओलसर ठेवतो आणि तण दाबतो. पण तोच थर बुंध्याला चिकटवून डोंगरासारखा रचला की साल कुजू लागते, आणि उत्साही स्वयंसेवक तो नेमका तसाच रचतात. बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवायची असते, हे शब्दांनी दहा वेळा सांगूनही लक्षात राहत नाही; एकदा स्वतःच्या हातांनी थर मागे ओढला की राहते.

लोक टिकण्याच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तेथील राज्य विद्यापीठाच्या विस्तार सेवेने, म्हणजे विद्यापीठातले ज्ञान सामान्य लोकांपर्यंत नेणाऱ्या विभागाने, १९७३ साली 'मास्टर गार्डनर' ही योजना सुरू केली. तिच्यातला सौदा साधा होता: विद्यापीठ नागरिकांना बागकामाचे सखोल प्रशिक्षण देईल आणि त्याच्या बदल्यात ते नागरिक ठरावीक तास लोकांना बागकामाचा सल्ला देण्यासाठी देतील. ही पद्धत पुढे अमेरिकेभर पसरली. आपल्या वर्गाचे शुल्क असेच तासांत घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विनामूल्य वर्गाला येणारा माणूस उपकार केल्यासारखा येतो, आणि तो उपकार एका रविवारी फिटतो. ज्याच्यावर आठ तासांचे देणे आहे तो ते फेडायला येतो, आणि फेडता फेडता त्याचा एखाद्या झाडावर जीव जडतो.

आमचे ज्येष्ठ सहकारी 'ब्रिटन इन ब्लूम' या ब्रिटनमधल्या गावे-शहरे फुलवण्याच्या स्पर्धेचे उदाहरण वारंवार देत असत. दिव्याच्या खांबांवर लटकलेल्या फुलांच्या टोपल्यांची छायाचित्रे त्यांनी जमवली होती, आणि शहर सुंदर करायचे म्हणजे ते असे, असे त्यांचे म्हणणे असे. ती स्पर्धा १९६३ साली सुरू झाली आणि तिचा पाया खरोखरच फुलांचा होता. परंतु २००२ पासून ती रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आहे, आणि तिच्या मूल्यमापनात बागकामाच्या जोडीने पर्यावरणाची जबाबदारी व लोकांचा सहभाग यांचाही विचार होतो. म्हणजे ज्या स्पर्धेच्या नावाने माझा प्रस्ताव हसण्यावारी नेला गेला, तिच्यातच माझ्या पालापाचोळ्याच्या ढिगाला थोडेफार गुण मिळाले असते. हे मला त्या बैठकीत माहीत असते तर बरे झाले असते.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. लिझ ख्रिस्टी आणि त्यांच्या 'ग्रीन गरिलाज' गटातल्या सहकाऱ्यांनी १९७३ साली बावरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरची कचऱ्याने भरलेली मोकळी जागा हाती घेतली. त्यांनी आधी तेथला कचरा आणि राडारोडा उपसला, माती आणून वाफे केले, आणि लागवड त्यानंतर केली. ती सामुदायिक बाग आजही उभी आहे. क्रम महत्त्वाचा असतो, एवढेच मी त्या तीन आठवड्यांत ओरडून सांगत होतो.

आपल्यालाही कोणीतरी मियावाकी पद्धत सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. अकिरा मियावाकी (१९२८ ते २०२१) हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या पद्धतीचा आरंभ त्या जागेवर मुळात कोणते जंगल असते, याच्या अभ्यासापासून होतो. त्यानंतर मातीची सुधारणा, मग स्थानिक जातींची दाट लागवड, आणि पुढे दोन-तीन वर्षे पाणी व खुरपणी. समित्यांच्या लक्षात यातला फक्त 'दाट' हा शब्द राहतो, कारण दाट लागवडीत एका दिवसात लावलेल्या रोपांचा आकडा मोठा दिसतो.

आता आपला पहिला प्रश्न. जितक्या जागेला वर्षभर पाणी आणि खुरपणी देणारी माणसे नावानिशी ठरली आहेत, तितक्याच जागेवर लागवड करा. उरलेली जागा पालापाचोळ्याने झाकून ठेवा, तेवढ्या अवधीत तिची माती सुधारेल. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी भरपूर आणि खोलवर द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात आणि स्वयंसेवकाला रोज यावे लागत नाही. श्रमदानाचे दिवस कमी घोषित करा, पण प्रत्येक दिवसाला एकच निश्चित काम द्या: आज झाडांभोवती पाण्यासाठी आळी करणे, आज ढीग पालटणे, आज आधाराच्या काठ्या काढणे. काय करायचे हे न कळल्यामुळे माणसे जितकी गळतात, तितकी कष्टांमुळे गळत नाहीत. जागेच्या मालकाची लेखी परवानगी आणि पाण्याची जोडणी या दोन गोष्टींवाचून कशालाही हात घालू नका. जागा वर्दळीच्या रस्त्याला किंवा जुन्या इमारतीला लागून असेल आणि खाण्याच्या भाज्या लावायच्या असतील, तर मातीत शिसे आहे का हे तपासून घ्या, अथवा बाहेरची माती भरून उंच वाफे करा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. दुसऱ्या वर्षी आम्ही त्या त्रिकोणाच्या सहाव्या हिश्श्यावर माझ्या पद्धतीने काम सुरू केले, माती झाली, झाडे जगली. पण पहिले पाच-सहा महिने नवी माणसे मुळीच येत नव्हती, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याला तेथे पाचोळ्याखेरीज काही दिसतच नव्हते. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला न विचारता रस्त्याकडेच्या कडेला हंगामी फुलांचे दोन लहान वाफे केले, आणि त्यानंतर लोक थांबून चौकशी करू लागले. सध्या जे चौदा जण नियमित येतात त्यांच्यातले निम्मे तरी त्या फुलांना भुलून आलेले आहेत. म्हणून माती तयार होत असताना दर्शनी बाजूला दोन वाफे फुलांचे ठेवायला माझी हरकत नाही. त्यांची रोपे दर हंगामात बदलावी लागतात आणि त्यांना पाणीही जास्त लागते, हे मी येथेही सांगतो आणि तेथेही सांगितले होते. आमच्या त्या दोन वाफ्यांना पाणी ज्येष्ठ सहकारी स्वतः घालतात. मी घालत नाही.