बाळाला चमचाभर पाणी द्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी बावीस दिवसांची आहे. जन्मली तेव्हा वजन २.८ किलो होतं, पाचव्या दिवशी २.६ झालं, काल ३.१ भरलं. अंगावर पिते. पण संध्याकाळी सहा ते नऊ नुसती रडते, अर्ध्या अर्ध्या तासाने प्यायला मागते. सासूबाई म्हणतात, दूध पुरत नाही, या उन्हात घसा सुकतो, पाणी आणि गुटी सुरू कर.
– एक आई, अकोला

उत्तर : तुमच्या पत्रातच उत्तर आहे. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच. त्यानंतर सतरा दिवसांत पाचशे ग्रॅम, म्हणजे दिवसाला तीस ग्रॅमच्या आसपास. दूध पुरत नसतं तर काट्याने हे दाखवलं नसतं. तरी खात्री हवी असेल तर दोरीवरची दुपटी मोजा. चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओली होत असतील, तर निर्धास्त राहा.

पाण्याचं म्हणाल, तर आईच्या दुधात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. अकोल्याच्या मे महिन्यातही वरून पाणी नको. सहा महिने नाहीच. पोट पाण्याने भरलं की बाळ तेवढं दूध कमी पितं. पाणी तुम्ही प्या, तांब्या उशाशी ठेवा. आणि बाळाचं टोपडं, मोजे काढा! कूलर चालू आणि बाळ दुलईत, असं मी दर उन्हाळ्यात बघते.

गुटीवरून सासूबाईंशी भांडू नका. माझ्या मुलाच्या वेळी आईने सहाण घासून ठेवली होती; वेखंडाचे किती वेढे, मायफळाचे किती, सगळं तिला तोंडपाठ. मी डॉक्टर असून हो-नाही करत राहिले. शेवटी तिला एवढंच विचारलं, ‘त्यात मध घालणार का?’ मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. सहाणेवरचे जंतू वेगळेच. सहाण फडताळात गेली.

संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्यापर्यंत वाढतं, तीन-चार महिन्यांत ओसरतं. तोवर मागेल तेव्हा पाजा. मधल्या वेळात सासूबाईंच्या खांद्यावर द्या, त्यांचा हात तुमच्यापेक्षा सरावलेला आहे.

मात्र बाळ प्यायला उठेना, अंग १००.४ फॅरनहाइटला पोचलं किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच डॉक्टर गाठा.