लागलेले कलम आणि जगलेले कलम

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा नीट वाचला. हापूसच्या डोळकाडीची (कलमासाठी घ्यायच्या फांदीच्या शेंड्याची) पाने कोयकलम (कोयीच्या कोवळ्या रोपावर बांधायचे कलम) बांधण्याआधी किती दिवस काढावीत, हा प्रश्न कोकणातल्या प्रत्येक रोपवाटिकेला दर पावसाळ्यात पडतो आणि एका हंगामात त्याचे उत्तर मिळू शकते. विषय उत्तम आहे. पण आराखडा आहे तसा राबवलास तर तुला पानांचे उत्तर मिळणार नाही, पावसाचे मिळेल.

सगळ्या काड्यांची पाने एकाच दिवशी काढून त्याच दिवशी, ५ दिवसांनी आणि १० दिवसांनी कलमे बांधायची असे तू ठरवले आहेस. म्हणजे तीन गट तीन वेगळ्या हवामानांत बांधले जाणार. जुलैत एका आठवड्यात संततधार असते, तर पुढच्याच आठवड्यात उघडीप पडते, ऊन तापते आणि काडी सुकते. शिवाय तेवढ्या दिवसांत खुंटही (ज्या रोपावर काडी बांधायची ते रोप) जून होतो, आणि कोयकलमात खुंटाचे आणखी १० दिवस म्हणजे फार झाले. तेव्हा क्रम उलटा कर. बांधणीचा दिवस एकच ठेव, समज २० जुलै. एका गटाची पाने १० जुलैला काढ, दुसऱ्याची १५ ला, तिसऱ्याची २० ला सकाळी. पान काढताना देठाचा तुकडा काडीवरच राहू दे, ओरबाडू नकोस, नाहीतर बगलेतला डोळा दुखावतो. काडी तयार झाली की तो तुकडा बोट लावताच गळतो. डोळा फुगलेला हवा, फुटलेला नको.

तिन्ही गटांच्या काड्या एकाच झाडावरून घे. एका गटाला एक झाड आणि दुसऱ्याला दुसरे दिलेस, तर फरक झाडाचा की पानांचा हे कुणालाच सांगता येणार नाही. काड्या देणारे प्रत्येक झाड, म्हणजे मातृवृक्ष, ही प्रयोगाची एक पुनरावृत्ती. कारागिरांचेही तसेच: एका झाडाची तिन्ही गटांची कलमे एकाच हाताने बांधली गेली पाहिजेत, आणि तीही चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने. एक गट सकाळी आणि एक गट दुपारी असे झाले तर थकलेल्या हाताचा काप गटाच्या माथी लागतो.

आता संख्या. तू धरलीस ४ झाडे आणि दर झाडामागे प्रत्येक गटाची २५ कलमे, म्हणजे गटाला १००. एका गटात ७० जगली, दुसऱ्यात ८०, तर हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. १० टक्क्यांचा फरक भरवशाने पकडायचा असेल तर गटाला ३०० च्या आसपास कलमे लागतात. म्हणून ६ झाडे घे आणि प्रत्येक गटाला झाडामागे ५० काड्या. एकूण ९०० कलमे होतील. काम वाढेल हे खरे, पण १०० कलमांवर काढलेली शिफारस शेतकऱ्याच्या हाती द्यायला माझे मन धजत नाही.

९०० सारखे खुंट हवेत, म्हणून २००० कोयी तरी पेर. रायवळच्या कोयी गर धुऊन सावलीत सुकव, पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाक, आणि उरलेल्या लगेच गादीवाफ्यावर लाव. आंब्याची कोय साठवणीत टिकत नाही, महिनाभरात तिची उगवण झपाट्याने घसरते. उगवण एकदम होत नाही, म्हणून दर तीन दिवसांनी उगवलेल्या रोपांशेजारी वेगळ्या रंगाची खूणकाडी रोव. बांधणीच्या दिवशी १० ते १५ दिवसांची, कोवळ्या तांबूस पानांची रोपेच घे आणि प्रत्येक वयाची रोपे तिन्ही गटांत सारखी वाट. रायवळची बहुतेक रोपे परागीभवनातून आलेली, म्हणजे प्रत्येक खुंट वेगळ्या गुणांचा. ही विविधता टाळता येत नाही, पण ती एकाच गटात साचू देऊ नकोस. (पुढे खुंटावरच काम करायचे ठरवलेस तर वेल्लाईकोलंबनसारख्या बहुभ्रूण (एका कोयीतून अनेक रोपे देणाऱ्या) जातींकडे वळ. त्यांच्या कोयीतून मातृवृक्षासारखी एकसारखी रोपे मिळतात.)

प्रत्यक्ष बांधणी तुला येते, तरी तीन ठिकाणी लक्ष ठेव. खुंट कोयीपासून ६ ते ८ सें.मी. वर छाटून मधोमध ४ ते ५ सें.मी. चीर द्यायची. काडीची पाचर तेवढीच लांब, आणि दोन्ही बाजूंचा काप एकेका ओढीत झाला पाहिजे. पाते मागेपुढे फिरवले की काप लाटेसारखा होतो, मध्ये पोकळी राहते, तिथे पाणी शिरून सांधा काळा पडतो. काडी खुंटापेक्षा जाड असेल तर मधोमध बसवू नकोस, एका बाजूला सालीला साल जुळव. पॉलिथीनची पट्टी खालून वर गुंडाळ, म्हणजे पाणी आत उतरत नाही. दर झाडानंतर चाकू स्पिरिटने पूस. पिशव्यांत पाणी साचले तर बुंध्याशी कूज येते. निचरा हाच खरा उपाय, कॉपर ऑक्सिक्लोराइडची (लिटरला ३ ग्रॅम) आळवणी, म्हणजे द्रावण मुळाशी ओतणे, त्याच्या मागून.

मोजणीवर तुझ्या आराखड्यात एकच ओळ आहे: ‘३० दिवसांनी यशाची टक्केवारी’. माझा सर्वांत मोठा आक्षेप इथेच आहे. काडीत साठवलेले अन्न असते. सांधा जुळला नसला तरी त्या अन्नावर डोळे फुटतात, पाने हिरवी दिसतात आणि ३० व्या दिवशी तू ते कलम यशस्वी म्हणून लिहितेस. पाऊस गेला, ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की तीच पाने माना टाकतात. शेतकऱ्याला पुढच्या पावसाळ्यात लावायला उभे कलम हवे असते. म्हणून ३०, ६०, ९० आणि १८० दिवसांनी मोज, आणि निष्कर्ष १८० व्या दिवसाच्या आकड्यावर काढ.

मेलेले कलम फेकू नकोस. सांधा उभा चिरून बघ आणि कारण लिही: काडी न फुटताच काळी पडली, फुटून वाळली, बुंधा कुजला, की खुंटाच्याच फुटव्याने अन्न ओढून घेतले. बांधणीच्याच दिवशी पाने काढलेल्या गटात काड्या न फुटता मेल्या आणि १० दिवसांच्या गटात बुंधे कुजून मेली, तर टक्केवारी सारखी आली तरी अर्थ वेगळा निघतो, कारण बुंधा कुजण्याचा पानांशी संबंध नाही.

आणखी एक, कलमांवरच्या क्रमांकाच्या पट्ट्यांबद्दल. शाईने लिहिलेले कागदी लेबल कोकणच्या पावसात आठवडाभरही टिकत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने क्रमांक कोर आणि तोच वहीत नकाशासह लिही. रत्ना ही आंब्याची जात म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ साली आलेला. त्याची कलमे हापूसच्या शेजारी ठेवलेली असली तर लेबलाविना ओळखणे कठीण, आणि चूक कळते ती झाड फळावर आल्यावर, चार-पाच वर्षांनी.

सुधारलेला आराखडा मे संपायच्या आत पाठव, सहा झाडांच्या खुणा आणि वाफ्याच्या नकाशासह. कोयी जूनच्या मध्यावर वाफ्यात पडायला हव्यात.

तुझे सर